पेटाराणीची पोथी

फ्रीज बंद केला तेव्हा कुठे सुचित्राला खात्री वाटली, की आता कथा सुरू होणार.

जुम्म्याची नमाज आटोपून कुवेतच्या मंगफमधली माणसं जेवायला घरोघर गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुचित्राच्या लेकीने, ओवीने, एसी आधीच बंद केला होता. भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा तिने काढून ठेवला होता, कारण तिच्या माइकला म्हणे टिकटिक म्हणजे हातोडा वाटतो. बाहेर मे महिना तव्यासारखा तापला होता आणि आत, सुचित्राने कपाटावर ठेवलेल्या छोट्या तापमापीत, पारा अठ्ठावीसच्या पुढे सरकू लागला होता.

हॉलच्या मधोमध चटईवर बाबा, म्हणजे सुचित्राचे सासरे, बसले होते. तुकाराम ठाकर, वय चौऱ्याहत्तर, डोक्याला पांढरा फेटा, मांडीवर लाल कापडात बांधलेली पोथी. बेचाळीस पानं. त्यांच्या पणजोबांनी रंगवलेली, कडा उंदरांनी आणि वर्षांनी कुरतडलेली. एकेक पान उचलून गुडघ्याला टेकवायचं, समोरच्यांना चित्र दाखवायचं आणि गात-बोलत कथा पुढे न्यायची. कुडाळकडच्या ठाकर आदिवासींची ही चित्रकथी. बाबांच्या घराकडे पेटाराणीची पोथी होती. जावांनी पेटाऱ्यात कोंडून दर्यात सोडलेल्या एका राणीची कथा. ती पूर्ण सांगणारा माणूस आता एकटाच उरला होता आणि तो बुधवारच्या विमानाने परत जाणार होता.

गेल्यावर पौर्णिमेला पोथी नदीत सोडायची, हे बाबांनी कुवेतला आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. रागाने नाही. विजेचं बिल भरायचंय, असं सांगावं तसं. ज्या पोथीला सांगणारा नाही ती घरात उगाच ठेवू नये, पाण्याला द्यावी, ही त्यांच्या घराची रीत. त्याआधी एकदा नातीच्या कॅमेऱ्यासमोर पुरी सांगायची, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं होतं.

"आता कोणी हलू नका," ओवी म्हणाली. "आत्या, बांगड्या."

"काय बांगड्यो?" रत्नमालाताई म्हणाल्या. सुचित्राच्या नवऱ्याची, सुयोगची, ही थोरली बहीण बाबांना सांभाळून घेऊन आली होती. "बांगड्यो काढू? माझो घोव जिता आसा गो!"

"काढू नको. फक्त वाजवू नको."

ताईंनी पदर दोन्ही मनगटांभोवती गुंडाळला आणि बेड्या घातल्यासारखे हात पुढे धरून बसल्या. कुवेतमधल्याच रिग्गईहून आलेला परीक्षित मांडीवर डमरूसारखा हुडूक घेऊन हसू दाबत होता. सुयोगचा हा चुलतभाऊ सुतारकाम करतो, शुक्रवार मोकळा असतो, आणि भजनात वाजवून वाजवून त्याचा हात तयार होता. पोथीला मात्र त्याच्या बापाने कधी हात लावला नव्हता, त्यामुळे त्यानेही नाही.

"आजोबा, अॅक्शन म्हटलं की सुरू करा."

"आक्शान," बाबा स्वतःच म्हणाले आणि सुरू झाले.

गणपतीला हात जोडून झाले, शारदेला झाले. पहिलं पान गुडघ्याला टेकलं. मग बाबांचा तो ठेवणीतला आवाज निघाला. सुचित्रा लग्न होऊन अठरा वर्षं या घरात होती, पण तो आवाज तिने दोनदाच ऐकला होता.

"सात दर्यांच्या पल्याड, सात जावांच्या मधी, एक होती राणी, तिचो पेटाऱ्यात संसार..."

बाबा थांबले. हुडूक दोनदा घुमला. बाबा थांबलेलेच.

"पेटाऱ्यात संसार," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि सगळ्यांकडे पाहिलं. सगळे पुतळ्यासारखे बसलेले. ओवीने अंगठा वर करून 'छान चाललंय' अशी खूण केली.

बाबांनी पान खाली ठेवलं. "हंयसर कोण जिता आसा काय?"

"आजोबा! कट. काय झालं?"

"मी भिंतीक कथा सांगूक नाय इलंय. झील कोण धरतलो?"

ओवीला कळलं नाही. सुचित्राने समजावलं, की सांगणाऱ्याने ओळ टाकली की साथीदाराने तिचं शेपूट उचलून गायचं असतं. ती झील. त्या वेळात सांगणारा श्वास घेतो आणि पुढची ओळ आठवतो.

"पण मला क्लीन साउंड हवा होता," ओवी म्हणाली. "म्हणून तर मी सगळ्यांना गप्प केलं."

"गप केलंस आणि कथा मारलंस," ताई म्हणाल्या, आणि हात सुटल्याच्या आनंदात त्यांनी बांगड्या एकदा खणखणवून घेतल्या.

परीक्षितने प्रयत्न केला. त्याची झील भजनाच्या वळणावर जायची आणि पेटाऱ्यातली राणी थेट विठ्ठलाच्या दारात पोचायची. तीन ओळींनंतर बाबाच हसायला लागले. "बाबा रे, तू वाजव. तोंड मीट."

मग रत्नमालाताई बसल्या. त्यांनी झील अशी उचलली की ओवीने चटकन कॅमेऱ्याआडून डोकं बाहेर काढलं. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर पेटाऱ्याचं झाकण लागलं.

"धाकट्या जावेन कडी घातल्यान..." बाबा म्हणाले.

"थोरल्या," ताई म्हणाल्या.

"धाकट्या."

"थोरल्या जावेन! आजो थोरलीच म्हणायचो. चित्रात बघा, केस पिकलेले आसत."

"तो रंग उडालो हा!"

"सगळ्या पानाचो रंग रवलो आणि नेमको तिच्याच केसाचो उडालो?"

"झील धरणाऱ्यान कथा दुरुस्त करूची नसता, रत्ना!"

"मगे बरोबर सांगा, म्हणजे दुरुस्त करूक नको."

बाबांनी पान खाली ठेवलं आणि पाणी मागितलं. पारा तीस. ओवी सोफ्याच्या हातावर बसून केसांत बोटं घालत होती. महिनाभर तिने याची तयारी केली होती. पाच देशांतल्या आदिवासी मुलांसाठी चाललेल्या एका ऑनलाइन कार्यशाळेत ती होती. शिकवणाऱ्या बाई ऑस्ट्रेलियातल्या, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. त्यांना सगळे 'आँटी' म्हणत, आणि हे कळल्यापासून रत्नमालाताईंचं त्यांच्याबद्दल मत चांगलं झालं होतं. आँटींचे नियम ओवीने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. आधी विचारा. गोष्ट ज्यांची, शेवटचा शब्द त्यांचा. फिल्म जगाला दाखवायच्या आधी घराला दाखवा.

झील कोण धरणार, याबद्दल वहीत काही नव्हतं.

सुचित्रा पाण्याचा तांब्या भरायला स्वयंपाकघरात गेली, तर ताई मागोमाग आल्या आणि दार लोटून कुजबुजल्या, "मी मुद्दाम भांडतंय."

"कळलं मला."

"मी पुरी धरली असती तर तेंका वाटला असता, झाला, भागला. भागूक नको. ती जागा सुयोगाची. खंय आसा तो?"

"प्लांटवर. शटडाउनचं काम निघालं म्हणाला."

पण सकाळपासून सुचित्राच्या मनात एक गोष्ट टोचत होती. सुयोगचे सेफ्टी शूज दाराजवळच्या रॅकवर होते. ते घातल्याशिवाय त्याला गेटातून कोणी आत घेत नाही. तिने खिडकीतून खाली पाहिलं. इमारतीमागच्या रेतीच्या मैदानात आठ-दहा गाड्या उन्हात भाजत उभ्या होत्या. त्यांतल्या सुयोगच्या गाडीखाली, कोरड्या ठाक रेतीवर, थाळीएवढा ओला डाग होता. म्हणजे त्या गाडीचा एसी चालू होता, आणि बराच वेळ चालू होता.

"ताई, दहा मिनिटं बाबांना गुंतवून ठेवा."

"दहा? जावेवरसून मी तेंका सांजवेळच्या मगरीबपर्यंत भांडवीन."

---

सुचित्राने गाडीचं दार उघडलं आणि शेजारी बसली. सुयोगने दचकून रेडिओ बंद केला. त्याच्या पायांत घरातल्याच चपला होत्या.

"शटडाउन," ती म्हणाली.

"तू जा वर. त्यांना सांग, अडकलाय."

"कुठे अडकलाय ते पण सांगू?"

सुयोगने स्टिअरिंगवर हात ठेवले, जणू गाडी रस्त्यावर धावत होती. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. चार मजली टाकीच्या आत उतरून वेल्डिंग तपासताना ज्याला कधी काही वाटलं नव्हतं, त्याचा आवाज आता बारीक झाला होता.

"पोरं चिडवायची म्हणून मी चौदाव्या वर्षी झील सोडली, हे बाबांना माहीत आहे. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण ते त्यांनी पचवलं. त्यांना वाटतं, मी लाजतो. लाजतो तर लाजतो, पण आत सगळं आहे, असं ते धरून चाललेत." तो थांबला. "नाहीये गं. महिनाभर रोज ड्युटीच्या बसमध्ये आठवून पाहतोय. बेचाळीस पानांतली सहा-सात आठवतात. बाकी पांढरं. त्यांच्या शेजारी बसलो की दुसऱ्या पानावर त्यांना कळेल. लाजतो असं समजून गेले तर बरं. विसरला, हे घेऊन जायला नको."

सुचित्राच्या मनात येऊन गेलं, की इतकी वर्षं तीही हेच समजत होती. लाजतो म्हणून.

"बुधवारपर्यंत किती दिवस?"

"पाच."

"विसरलास हे आज कळलं, तर त्यांच्या हातात शिकवायला पाच दिवस आहेत. पोथी सोडल्यावर कळलं तर कोणाकडे शिकशील? नदीकडे?"

"किती सरळ बोलतेस तू."

"अठरा वर्षं लॅबमध्ये रक्त तपासतेय. गोड बोलून कोणाचं हिमोग्लोबिन वाढलेलं पाहिलं नाही."

सुयोगला हसू आलं, ते त्याने आवरलं, मग आवरलं नाही. त्याने किल्ली फिरवली. एसीचा आवाज थांबला आणि गाडीत एकदम उकाडा शिरला.

---

ते दोघं वर आले तेव्हा जावेचा खटला ऐन रंगात होता. सुयोगला दारात पाहून बाबांचा उगारलेला हात तसाच राहिला. ड्युटी संपली का, असं कोणी विचारलं नाही. ताईंनी चटईवरचा पदर गोळा केला आणि सरकून जागा केली.

सुयोग बाबांच्या डाव्या हाताला बसला. "बाबा, माका धड येणा नाय. इसारलंय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग पोथी सारखी केली, तिसरं पान खाली घातलं आणि पहिलं पान पुन्हा वर काढलं.

"आक्शान," ते म्हणाले.

सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढे जे झालं ते ओवीच्या कॅमेऱ्यात होतंच, पण तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हे तिला नंतर बरं वाटत राहिलं. पहिल्या ओळीला सुयोगने झील उशिरा धरली. दुसऱ्या ओळीला शब्द चुकला. तिसरीला नुसता सूर निघाला, शब्द नाहीच. बाबा थांबले नाहीत. त्यांनी आपली पट्टी खाली आणली, सुयोगचा आवाज जिथे होता तिथे. मग ते ओळीचे शेवटचे दोन शब्द किंचित लांबवू लागले, पोराला चालायला शिकवताना बोट पुढे करावं तसे. ओठ हलवून आधी दाखवत, मग म्हणत. सुयोग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. पान उलटत होतं. पाचव्या पानाला त्याचे शब्द वेळेवर येऊ लागले. नवव्या पानाला पेटारा मोठ्या माशाच्या पाठीवर आदळला आणि बाबांनी ओळ टाकायच्या आधीच सुयोग गरजला,

"हल हल माशा, राणी निजली, गे बाय, राणी निजली!"

हुडूक चुकला, कारण परीक्षित टाळी वाजवायला गेला.

त्याच सुमारास दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या सुरैयाभाभी, हातात बर्फ घातलेल्या सरबताचा जग. मूळच्या रत्नागिरीच्या. "एसी बंद पडलाय काय तुमचा? भिंतीपलीकडून ढोल ऐकू येतंय, म्हटलं बघावं तरी..." आणि पान पाहून त्या तिथेच थबकल्या. "अगो बाय! ही बाई दर्यात कशी पडली?"

"जावांनी टाकल्यानी," बाबा त्यांच्याकडे वळून म्हणाले.

"हं! जावाच टाकणार. दुसरं कोण?" सुरैयाभाभी जग घेऊन खालीच बसल्या. "मग?"

ओवीचा चेहरा पडला होता. माइकमध्ये दार, बर्फाचा खळखळाट, भाभींचं 'मग?', सगळं शिरलं होतं. ती उठली तेव्हा सुचित्राला वाटलं, आता ही कट म्हणणार. ओवीने बाबांकडे पाहिलं. ते भाभींच्या 'मग?'वर स्वार होऊन पुढच्या पानात घुसले होते, आवाज पहिल्यापेक्षा दुप्पट झाला होता. ओवीने स्टँडचे स्क्रू सैल केले, कॅमेरा उचलून चार पावलं मागे नेला आणि चित्रासोबत ऐकणारेही दिसतील असा लावला. मग ती एसीपाशी गेली.

"लावू?" तिने ओठांनीच विचारलं.

सुचित्राने तापमापी पाहिली. तेहेतीस. तिने जोरात मान हलवली. एसीची घरघर सुरू झाली आणि सगळ्यांनी मिळून "हुश्श" केलं, तेही माइकमध्ये गेलं.

दुपारच्या असरच्या अजानला बाबा आपणहून थांबले, सरबत प्याले. भाभी नमाज पढून धावतच परत आल्या आणि येतायेताच विचारत्या झाल्या, "राक्षस आला काय?" राक्षस एकतिसाव्या पानावर आला. तो मेला तेव्हा ओवी म्हणाली, "आजोबा, हे परत एकदा? फोकस गेला होता."

"मेलेलो परत खंयसून मारू? तुझ्या फोकसाक सांग, वेळेवर येवक."

बेचाळिसावं पान खाली ठेवलं तेव्हा खिडकीतलं ऊन तांबूस झालं होतं. राणी घरी पोचली होती, पेटाऱ्याची होडी झाली होती आणि सुयोगचा गळा साफ बसला होता.

---

सुरैयाभाभी घरी गेल्या. ओवीने लॅपटॉप बाबांसमोर चटईवरच ठेवला. सगळं नाही, तुकडे दाखवले. बाबांनी स्वतःला पाहिलं, "म्हातारो झालंय" म्हणाले, आणि पुढे पाहू लागले.

"आजोबा, आता मी विचारणार आणि तुम्ही सांगणार," ओवी वही उघडून म्हणाली. "गोष्ट तुमची आहे. कुठलं काढू? जे तुम्ही म्हणाल ते जाणार. मी आर्ग्यू करणार नाही."

"चुकलेला काढ," सुयोग घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सुरुवातीची चार पानं. चारचौघांत शोभा नको."

बाबांनी हात वर केला. "तिना माका इचारल्यान. तुका नाय." मग ते ओवीकडे वळले. "ह्याच्या चुकलेल्याक हात लावूचो नाय. जो बघून शिकतलो, तेका कळाक व्हया, चुकला तरी कथा थांबणा नाय."

ओवीने लिहून घेतलं. "आणि आत्याचं भांडण?"

बाबा जरा घुटमळले. "ता रवांदे. थोरलीच होती ती."

"बघ!" ताई अर्ध्या उठल्या.

"माझ्या बापाशीन थोरलीच म्हटल्यान. पण आमची थोरली वयनी सगळ्यांच्या पुढे बसायची कथा ऐकूक. तिच्या तोंडार कसा सांगू? मगे धाकटी केलंय. वयनी जावन वीस वर्सा झाली, जिभेक सवय रवली."

परीक्षित हसून आडवा झाला. सुचित्रा हसली, सुयोग बसलेल्या गळ्याने हसला, आणि त्या हसण्यात पोथीचा विषय कोणी काढला नाही. सुचित्राला मात्र तो विचारल्याशिवाय राहवेना. बाबांनी पानं सारखी केली होती, पण लाल कापड बांधलं नव्हतं.

"बाबा, पौर्णिमेचं काय?"

बाबा परीक्षितकडे वळून म्हणाले, "तुझ्याकडे फणसाचा लाकूड गावता काय रे हंय?"

"फणसाचा खंयसून, काका? सागवान गावता. कित्याक?"

"फळी करूची. पान टेकवूक." सांगणाऱ्याची फळी त्याच्या स्वतःच्या मांडीच्या मापाची लागते, नाहीतर पान कलतं, हे त्यांनी ओवीला सांगितलं. त्यांची गावाला होती. प्रवासात आणता येईना म्हणून आज गुडघ्यावर भागवलं. "माझी फळी मोठी. ह्याका चलाची नाय."

त्यांनी कापडाची दोरी घेतली. सुयोगला मांडी घालायला लावलं, गुडघ्यापासून कंबरेपर्यंत दोरी ताणली आणि तिथे गाठ मारली. सुयोग खाली मान घालून बसला होता. त्याने वर पाहिलं नाही, पण पायही हलवला नाही.

"दोन आठवडे लागतील बरं का, काका," परीक्षित म्हणाला. "तुम्ही तर बुधवारी..."

"मी जातलंय. पोथी खंय जाता?"

मग त्यांनी ओवीला बोट दाखवलं. ओवी कॅमेरा घ्यायला वळली होती. ती परत आली आणि जीन्सची मांडी घालून बसली. दुसरी गाठ पहिलीच्या दोन बोटं अलीकडे पडली. "वाढता आसा अजून," बाबा म्हणाले. "जरा मोठीच कर."

"आणि माझा माप?" रत्नमालाताईंनी कपबश्या गोळा करता करता चेष्टेने विचारलं. "मी काय नुसती भांडूक?"

बाबांनी दोरीकडे पाहिलं, मग पन्नाशीच्या लेकीकडे पाहिलं. तिने सगळी बेचाळीस पानं आजोबांच्या तोंडून, दाराआडून ऐकली होती. तिला आजवर कोणी सांगणाऱ्याच्या जागी बसवलं नव्हतं.

"बस मगे," ते म्हणाले. "कपबश्यो ठेव खाली."

ताई बसल्या. बाबांनी दोरी त्यांच्या मांडीवर ताणली, डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा ताणली आणि तिसरी गाठ मारली. रत्नमालाताईंनी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि गाठ घट्ट बसलीय का, ते स्वतः ओढून पाहिलं.